चुकांची वही कोरी पडली आहे

रात्रपाळी (धागाकर्ता)

मशीन शॉपमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे. हाताखाली एकोणीस माणसं, त्यांतली सहा शिकाऊ. प्रश्न लांबट आहे, पण कापून लिहिला तर अर्थच जाईल, म्हणून सगळं लिहितो.

आमच्याकडे शिफ्टची एक वही असते. जॉब बिघडला, टूल तुटलं, सेटिंग चुकलं की त्यात लिहायचं: काय झालं, किती नग गेले, कशामुळे. वर्षभरापूर्वी आठवड्याला दहा-बारा नोंदी पडायच्या. मग रिजेक्शन कमी करा म्हणून वरून तगादा लागला आणि मी एक योजना काढली. (माझीच होती, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.) महिन्यात ज्या शिफ्टच्या वहीत सर्वांत कमी नोंदी, तिचं नाव फलकावर आणि तिच्यातल्या माणसांना अप्रेझलमध्ये जादा गुण. दोन महिन्यांत नोंदी आठवड्याला एक-दोनवर आल्या. मी खूश, साहेब खूश.

ग्राहकाकडून परत येणारे नग मात्र होते तेवढेच राहिले, आणि नंतर वाढायला लागले.

गेल्या महिन्यात चिप्सची (कापलेल्या धातूच्या चुऱ्याची) ट्रॉली रिकामी करताना तळाशी चार बुश सापडले. बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठा झालेले, मुद्दाम पुरलेले. कुणाचे ते शोधायला वेळ लागला नाही. शिकाऊ मुलगा, येऊन आठ महिने झालेत, हात चांगला आहे. बाजूला घेऊन विचारलं तर आधी गप्प. मग म्हणाला, "सर, मागच्या वेळी मी खरं लिहिलं तर सगळ्या शिफ्टचं नाव फलकावरून गेलं. चार दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आणि त्याच आठवड्यात स्पिंडल ठोकला गेला होता, तो वहीत कुठे आहे?"

स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, ठोकला होता आमच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत हुशार ऑपरेटरने. ती नोंद 'मेंटेनन्स' म्हणून गेली. खाली सही माझी आहे.

त्याला काय उत्तर द्यायचं ते तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. वही पुन्हा भरायला लागावी यासाठी काय करावं?

उगाचच

कॅमेरे लावा. वही लागतेच कशाला?

रात्रपाळी

कॅमेरे आहेत. त्यात बोअरचं माप दिसत नाही.

निळावंती

मी रुग्णालयात नर्सिंगच्या प्रशिक्षणाचं काम बघते. तुमची वही वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे सतत सांगितला जाणारा किस्सा नेमका हाच आहे. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला: औषध देण्यातल्या चुका किती होतात आणि त्याचा टीमच्या आपसातल्या वागण्याशी काही संबंध आहे का. जिथे टीम चांगली तिथे चुका कमी असतील, अशी तिची अटकळ. आकडे उलटेच आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! आधी तिला वाटलं आपलंच काही चुकलं. मग खोदून बघितल्यावर लक्षात आलं की ती माणसं चुका जास्त करत नव्हती, जास्त सांगत होती. हे १९९६ मध्ये छापून आलं. १९९९ मध्ये तिने एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. मी त्याला 'बोलायची मोकळीक' म्हणते. 'मानसिक सुरक्षितता' म्हटलं की लोकांना समुपदेशन आठवतं.

म्हणजे तुमची जुनी दहा-बारा नोंदींची वही हीच तुमच्या शॉपची तब्येत होती. तुम्ही थर्मामीटर फोडलात आणि ताप उतरला म्हणून फलक लावलात. (राग मानू नका, आमच्याकडेही हेच झालंय.)

मी पूर्वी जिथे होते तिथे चुकीच्या औषधाचा फॉर्म होता. त्यातला पहिला रकाना 'चूक करणाऱ्याचे नाव'. महिनोन्‌महिने फॉर्म यायचेच नाहीत, आले तर फक्त नव्या मुलींचे. आम्ही तो रकाना काढून तिथे दोन प्रश्न घातले: 'चूक रुग्णापर्यंत पोचली का?' आणि 'कुणी पकडली?' या दुसऱ्या प्रश्नाने फार फरक पडला. स्वतःची चूक स्वतःच पकडणारी मुलगी तिथे स्वतःचं नाव लिहू लागली, आणि तेही न लाजता.

शंकासुर

धागा वाचून डोळे पाणावले. आता उलटी बाजू ऐका.

आमच्या ऑफिसात बोलायची मोकळीक अमाप आहे. कुणी कुणाला काही बोलत नाही. अहवाल चार दिवस उशिरा आला तरी 'होतं असं कधीकधी'. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तरी 'शिकतोय तो'. पाच वर्षांत कुणीही काहीही शिकलेलं नाही, मीसुद्धा. चुका सांगायला उत्तेजन द्या म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की सांगून झाल्यावर पुढे काय?

निळावंती

@शंकासुर, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण दुखणं वेगळं आहे. मोकळीक आणि कामाचा दर्जा ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत, एक वर गेलं म्हणून दुसरं खाली जात नाही. एडमंडसननेही या गोष्टी वेगळ्याच धरल्यात. मोकळीक आहे पण दर्जाची अपेक्षा नाही, तिथे माणसं आरामात असतात, म्हणजे तुमचं ऑफिस. अपेक्षा कडक पण मोकळीक नाही, तिथे धास्ती असते, म्हणजे रात्रपाळींचं शॉप. शिकणं होतं ते दोन्ही असतील तिथे. आमच्या वॉर्डात डोस चुकलेला कुणाला चालत नाही. म्हणून तर चुकला की पाच मिनिटांत कळायला हवा.

शंकासुर

'एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत' हे चोरणार आहे. बाकी विचार करून सांगतो.

तुळई

मी व्यवस्थापन शिकवते, त्याआधी बरीच वर्षं कंपनीत एचआरला होते. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते मुलाचं दुसरं वाक्य. चार दिवस अबोला त्याने सोसला. स्पिंडल वहीत नव्हता, ते त्याला सोसलं नाही.

न्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाटप येतं: कुणाला किती मिळालं. जॉन स्टेसी अॅडम्सने १९६३ मध्ये हेच मांडलं होतं, की माणूस आपलं काम आणि आपली मिळकत शेजाऱ्याच्या काम-मिळकतीशी ताडून बघतो. पण १९७५ मध्ये थिबॉ आणि वॉकर या दोघांनी न्यायालयीन वादांच्या अभ्यासातून दाखवलं की निकाल विरुद्ध गेला तरी, आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं असेल तर माणसं तो जास्त सहज स्वीकारतात. पुढे लेव्हेंथालने १९८० मध्ये न्याय्य पद्धतीच्या सहा कसोट्या सांगितल्या. सगळ्यांना सारखा नियम, स्वार्थ बाजूला, माहिती अचूक, निर्णय चुकला तर दुरुस्तीची सोय, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं ऐकणं, आणि नीतीला धरून असणं. तुमचा स्पिंडल पहिल्या तीन कसोट्यांवर एकदमच नापास होतो. सारखा नियम नाही, मर्जीतला माणूस, आणि नोंद खोटी.

याहून मला आवडणारा प्रयोग जेराल्ड ग्रीनबर्गचा, १९९० चा. एका कंपनीने मोठी कंत्राटं गेल्यावर दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली. एका ठिकाणी वरिष्ठांनी स्वतः येऊन कारण नीट सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे थोडक्यात 'कपात होत आहे' एवढं सांगून मोकळे झाले. तिसऱ्या कारखान्यात कपातच नव्हती. त्या काळात कारखान्यातून वस्तू नाहीशा होण्याचं प्रमाण मोजलं. कोरड्या घोषणेच्या कारखान्यात ते चांगलंच वाढलं, समजावून सांगितलेल्या कारखान्यात त्यामानाने बरंच कमी. दोन्हीकडे खिशातून गेलं तेवढंच! पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही उतरली.

लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात की नाही हे तुम्ही कोपरा-मीटिंगमध्ये काय बोलता त्यावरून ठरत नाही. मर्जीतल्या माणसाची चूक झाली त्या दिवशी तुम्ही काय लिहिलंत, ते सगळ्यांनी बघून ठेवलंय.

रात्रपाळी

हे शेवटचं झोंबलं. खरं आहे म्हणूनच.

शंकासुर

मग सगळ्यांना सारखाच पगार द्या आणि सगळ्यांचे गुण सारखे करा, झाला न्याय. कामसू माणूस जाईल सोडून.

तुळई

असं मी कुठे म्हटलं? तुमच्या प्रश्नाला सरळ लागू पडणारा एक प्रयोग आपल्याच देशात, ओडिशात झालाय. ब्रेझा, कौर आणि शामदासानी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ३७८ कामगार, महिनाभर, तिघातिघांचे गट. काही गटांत तिघांना सारखी मजुरी, काहींत आधीच्या कामगिरीवरून वेगवेगळी. वेगवेगळ्या मजुरीच्या गटांत काम घटलं आणि हजेरी १८ टक्के-बिंदूंनी घसरली. म्हणजे हातची मजुरी सोडून माणसं घरी बसली. पण कोण किती काम करतो हे जिथे सगळ्यांना उघड दिसत होतं, तिथे असा परिणाम दिसला नाही.

तेव्हा फरक करा, खुशाल करा. तो कशावरून केला हे बाजूच्याला दिसलं पाहिजे, एवढंच.

अक्षांश

सॉफ्टवेअरमधून +१. आमच्याकडे पूर्वी घंटाकृती आलेख होता. टीम कितीही चांगली असो, ठरावीक टक्के लोक तळाला टाकायचेच. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी २०-७०-१० (वरचे २०, मधले ७०, तळाचे १० टक्के) ही वाटणी गाजवली, पुढे बऱ्याच कंपन्यांनी उचलली. मायक्रोसॉफ्टने अशी पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडली. ज्यांनी ती भोगली नाही त्यांना सांगतो तिचा खरा तोटा काय. शेजाऱ्याला मदत करणं हा तुमचा तोटा होतो. मी एका नव्या मुलाला डेटाबेसची एक खोच दाखवली तेव्हा एक सीनिअर मला हसत म्हणाला, "दाखव, दाखव. तळाला कुणीतरी लागणारच आहे." तो विनोद करत होता. पण त्यानंतर माझं शिकवणं कमी झालं, हेही खरं.

आणखी एक. 'फीडबॅक द्या, माणूस सुधारतो' हे आपण गृहीत धरतो. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये तोवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून बघितले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी खालावलेली निघाली. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की फीडबॅक उलटतो. 'हा बोअर ०.०४ ने मोठा झाला' ऐकल्यावर डोकं बोअरकडे जातं. 'तुझ्यामुळे शिफ्टचं नाव गेलं' ऐकल्यावर कुठे जातं ते या धाग्यात दिसतंच आहे.

जुना फिटर

निवृत्त आहे. टायपिंग हळू, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे शिकणाऱ्याबद्दल बोलताय. शिकवणाऱ्याचं कोण बघणार? आमच्या वेळी उस्ताद लोक शेवटचा हात कधी दाखवायचे नाहीत. बेअरिंग बसवताना बरोबर शेवटच्या क्षणाला म्हणायचे, 'जा, ग्रीस घेऊन ये.' परत येईतो बेअरिंग बसलेलं. पोरं त्यांना कंजूष म्हणायची. मीही म्हणायचो.

नंतर कळलं. त्यांच्या डोळ्यांदेखत एका उस्तादाने दोन पोरं तयार केली होती आणि दुसऱ्या वर्षी 'आता दोन माणसं आहेत की' म्हणून त्यालाच दुसऱ्या खात्यात हलवला होता. ओव्हरटाइम गेला, मान गेला. त्यानंतर ग्रीस आणायला पोरं जास्तच जायला लागली.

रात्रपाळी साहेब, तुमच्या जुन्या ऑपरेटरला काय काय येतं जे दुसऱ्या कुणालाच येत नाही, याची यादी करून बघा. आणि तो ते का सांगत नाही, तेही.

अक्षांश

काका, 'जा, ग्रीस घेऊन ये' हे आमच्याकडे 'मी करतो, तू मीटिंगला जा' असं असतं.

धावपट्टी

विमान वाहतुकीत आहे. वहीबद्दल एक मुद्दा राहिलाय: ती कुणाच्या ताब्यात आहे?

१ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत टीडब्ल्यूए या कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान उतरताना डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ नियंत्रक एक लावत होते आणि वैमानिक दुसरा. चौकशीत निघालं की सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान अगदी तिथेच, तशाच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोचलंच नाही.

मग अशा प्रसंगांची नोंद ठेवायची ठरली. आधी ती हवाई नियामकाकडेच, म्हणजे एफएएकडे, ठेवून बघितली. पण ज्याच्या हातात आपलं लायसन आहे त्याला आपली चूक कोण लिहून देणार? म्हणून १९७६ पासून हे काम नासाकडे गेलं. नासाकडे ना दंड करायचा अधिकार, ना लायसन काढून घ्यायचा. ते नोंद वाचतात, गरज पडली तर फोन करून विचारतात, नाव-गाव काढून टाकतात आणि मग शिकण्याजोगं असेल ते सगळ्यांना कळवतात. चूक अजाणता झाली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर नियामक सहसा दंड लावत नाही. मुद्दाम केलेलं, गुन्ह्याचं किंवा अपघाताचं त्यात बसत नाही.

तुमच्या शॉपमध्ये वही तुमच्याकडे आणि अप्रेझलही तुमच्याकडे. त्या मुलाने तुमच्यावर कितीही विश्वास ठेवायचा म्हटला तरी रचनाच त्याला ठेवू देत नाही. वही क्वालिटीवाल्याकडे द्या, नाहीतर टूल रूमकडे. अप्रेझलच्या खोलीत ती येता कामा नये.

शंकासुर

आता मुद्द्याचं. 'मुद्दाम केलेलं त्यात बसत नाही' असं धावपट्टीच म्हणतात. बोअर मोठा होणं ही चूक. चार नग चिप्सखाली पुरणं हे मुद्दाम. मुलाला मेमो दिला पाहिजे की नाही? न्याय म्हणजे फक्त माफी नव्हे ना?

धावपट्टी

बरोबर प्रश्न. आमच्याकडे तीन गोष्टी वेगळ्या काढतात. हातून निसटलेली चूक, तिच्यावर माणसाला नव्हे, कामाच्या रचनेला प्रश्न विचारायचा. धोका लक्षात न येता पडलेली वाईट सवय, तिथे समज द्यायची आणि ती सवय कशी लागली ते बघायचं. आणि जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा, त्याला शिक्षा. लपवणं तिसऱ्यात जातं असंच मी म्हणेन. नग ग्राहकाकडे गेले असते तर काय?

निळावंती

मी दुसऱ्यात टाकेन. लपवायला लावणारी योजना फलकावर टांगलेली होती.

जुना फिटर

मुलाला मेमो द्यायचा तर द्या. पण 'मेंटेनन्स' लिहून सही करणं हेही लपवणंच. तो मेमो कोण देणार? दोन्ही एकाच दिवशी निघू द्या.

शंकासुर

काका, जिंकलात.

उगाचच

मी फक्त कॅमेरे म्हटलं होतं. केवढं वाढलं हे.

रात्रपाळी

दोन महिन्यांनी परत आलोय. काय केलं आणि काय झालं ते लिहितो. सगळं सुरळीत झालं असं नाही.

पहिलं म्हणजे स्पिंडलची नोंद वहीत नव्याने लिहिली, मूळ तारीख घालून, आणि खाली 'त्या वेळी चुकीची नोंद मी केली' असं लिहून सही केली. शिफ्ट सुरू होताना सगळ्यांसमोर वाचली. साहेबांना आधी कळवलं होतं. ते म्हणाले, जुनं कशाला उकरताय. तरी नाही म्हणाले नाहीत. मुलाला समज दिली, मेमो दिला नाही. धावपट्टी, तुमचं पटलं होतं, पण काकांच्या अटीप्रमाणे माझा मेमो काढायला कुणी तयार होईना, मग त्याचा कसा काढू?

जुना ऑपरेटर दुखावला. सगळ्यांसमोर वाचायच्या आधी मी त्याच्याशी बोलायला हवं होतं, ते केलं नाही. घाईत एक अन्याय निस्तरताना दुसरा केला. तीन आठवडे तो कामापुरतं बोलत होता.

वही क्वालिटीकडे दिली. नोंदी यायला लागल्या आणि मी हुरळलो. मग वाचल्या तर पाचातल्या तीन दुसऱ्यांबद्दल होत्या! 'अमक्याने कूलंट न तपासता मशीन चालू केलं' वगैरे. जुने हिशेब चुकते करत होते. आता नियम केलाय: लिहायचं ते फक्त स्वतःच्या हातून झालेलं किंवा स्वतः पकडलेलं. निळावंतीताई, 'कुणी पकडली' हा रकाना तुमचाच.

तुळई

दुसऱ्यांबद्दलच्या नोंदी येणारच होत्या, आम्हीच सांगायला हवं होतं. अविश्वासाच्या जागी नवीन मार्ग उघडला की पहिली रहदारी तक्रारींचीच असते. ऑपरेटरशी बोललात का नंतर?

रात्रपाळी

तेच सांगायला आलोय खरं म्हणजे.

चौथ्या आठवड्यात वहीत बोअर मोठा झाल्याच्या तीन नोंदी आल्या. तीन वेगळी मुलं, तिघं शिकाऊ. क्वालिटीवाल्याने ओळीने ठेवल्या तर प्रत्येक वेळी माप हवं होतं त्याच्या दुपटीने सरकलेलं. ०.०२ द्यायला गेला, ०.०४ गेलं. मशीन एकच. आमच्याकडे दोन लेथ शेजारी शेजारी आहेत, दिसायला सारखेच. निघालं असं की एकावर एक्सचा ऑफसेट (टूल आडवं किती सरकवायचं ती दुरुस्ती) व्यासात टाकायचा असतो, दुसऱ्यावर त्रिज्येत. पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या आतलं सेटिंग, कधीतरी कुणीतरी तसा ठेवलेला. मुलं पहिल्या लेथवर शिकायची आणि दुसऱ्यावर गेली की दुप्पट काटायची. ट्रॉलीतले ते चार बुशही त्यातलेच.

मी ऑपरेटरला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, "पहिल्या दिवसापासून."

का सांगितलं नाहीस, हे विचारायच्या आधी मला काकांचं ग्रीस आठवलं. गेली चार वर्षं प्रत्येक ऑडिटला, प्रत्येक पाहुण्यासमोर मी एकच वाक्य बोलत आलोय, "हा आहे म्हणून हे मशीन चालतं." त्याने ते खरं करून दाखवलं. मी विचारलं नाही. फक्त म्हटलं की पुढच्या वर्षीच्या गुणांमध्ये किती नग काढले याच्या बरोबरीने किती जणांना या मशीनवर तयार केलं हेही धरायचं, असं मी लेखी मागितलंय, आणि त्याला इथून हलवणार नाही हेही लेखी. तो म्हणाला, "आधी कागद येऊ दे."

जुना फिटर

बरोबर बोलला.

धावपट्टी

पॅरामीटर बदलून दोन्ही मशीन सारखी करता येत नाहीत का? माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट कमी केलेली बरी.

रात्रपाळी

करता येतील, पण आधीचे सगळे ऑफसेट आणि सेटिंग शीट तपासावे लागतील. लाइन बंद असेल तेव्हा करायचं ठरलंय. तोवर त्या लेथच्या पॅनेलवर पट्टी चिकटवली आहे: 'ऑफसेट त्रिज्येत. निम्मा टाका.'

शंकासुर

कुणाच्या अक्षरात?

रात्रपाळी

त्याच्याच. मी छापून आणली होती, त्याने काढून टाकली आणि स्वतः लिहून लावली. म्हणाला, तुमच्या पट्टीवर कोणता एक्स ते लिहिलेलं नाही.

उगाचच

आणि तो फलक?

रात्रपाळी

अजून भिंतीवर आहे. काढायला वरची सही लागते. गेल्या महिन्याचा रकाना रिकामा ठेवलाय. साहेबांनी दोनदा विचारलं की या वेळी नाव का नाही.